तीन पायऱ्यांची गाडी

आई गं,

गुडघा कसाय? व्हर्नामावशी पोटभर खाऊ घालते ना? इकडे इंडियानात आम्ही दोघं ठीक.

जळलेल्या घराच्या जागी ठेवायला बाबांना फिफ्थ व्हीलच हवी होती, पिकअपच्या पाठीवर अडकवतात ती राहायची गाडी. "वाऱ्यात डुलत नाही," म्हणाले. पण तिच्यात झोपायची खोली वर, तीन पायऱ्या चढून. मागे हुकला जोडायची साधी ट्रॅव्हल ट्रेलर आतून सगळी सपाट. मी विक्रेत्याच्या आवारात गुपचूप फिफ्थ व्हीलवर 'सोल्ड'ची चिठ्ठी चिकटवली.

बाबांनी ती उपटली. "गाढवा, सोल्डमध्ये यू नसतो! आईच्या गुडघ्याचं तोंडाने सांगता येत नव्हतं?"

मग सपाटवाली घेतली.

पलंग भिंतीला चिकटलेला, एकाच बाजूने उतरता येतं. तू कुठल्या बाजूला झोपायचीस ते बाबांना आठवेना. आगीपासून त्यांचं असंच विसरणं चाललंय. तेवढी बाजू कळव.

तुझा वाह्यात,
लोनी