एका खड्ड्याचे तीन उमेदवार

जळगाव, २२ मे

आदरणीय झुलाल नाना यांस,
संघपालचा सादर जयभीम. मोतीबिंदू काढल्यापासून पेपरातलं बारीक छापलेलंही दिसतं, असं धुळ्याहून आलेल्या माणसाने सांगितलं. बरं वाटलं. तेव्हा हे पत्र पुष्पाकाकूंकडून वाचून घेऊ नका, स्वतःच वाचा. गुडघा कसा आहे? सायकल कुणाला देऊन टाकली नाही ना? इकडे मी आणि प्रज्ञा ठीक. पारा चव्वेचाळीसवर आहे, म्हणजे तोही ठीकच.

आमच्या पर्यावरण महाविद्यालयाला अधिष्ठाता मिळेना. तीन वर्षं मीच प्रभारी आहे (प्रभारी म्हणजे सही करायची, पण खुर्चीला पाठ टेकायची नाही). आता विद्यापीठाने कळवलंय की जूनअखेर कायमचा माणूस आला नाही, तर महाविद्यालय विज्ञान विभागात विलीन होणार आणि मागची रोपवाटिका सपाट करून तिथे गाड्या उभ्या राहणार. म्हणून शोध समिती नेमली. चहा कुठून येतो हे फक्त मला माहीत असल्याने सदस्य-सचिव मी.

आमच्याकडे रीत अशी, की आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या हस्ते एक झाड लावायचं. पण मागची जमीन सगळी मुरमाड. आमचे माळी तोताराममामा यांनी काही वर्षांपूर्वी पहार मारमारून एक खड्डा खणला, आणि दुसरा खणायचा नाही असं मनोमन ठरवलं. पाहुणा गेटबाहेर पडला की मामा रोप अलगद उचलून परत पिशवीत लावतात. पुढच्या पाहुण्याला खड्डा तयार. हे सगळ्यांना ठाऊक, आणि कुणी बोलत नाही. त्या खड्ड्यात दोन कुलगुरू आणि एक मंत्री लागून गेलेत.

पहिला उमेदवार आला तो सावली शोधतच. झाड लावून झाल्यावर त्याने विचारलं, इथे हिवाळा कधी असतो. डिसेंबरात, म्हटलं. मग डिसेंबरात कळवतो, म्हणाला. दुसऱ्याने पाणी वाचवण्यावर दीड तास भाषण दिलं, तोवर त्याने हात धुतलेला नळ बाहेर वाहत होता (तोताराममामांनी नंतर ते पाणी रोपांकडे वळवलं, तेवढाच भाषणाचा उपयोग). तिसऱ्या डॉ. दिपमालाबाई, तुमच्या शिरपूरकडच्याच. त्या खड्ड्याजवळ खाली बसल्या, माती हातात घेतली आणि मामांना विचारलं, इथे काल काय लावलं होतं? मामांना खोटं जमत नाही. आपल्या अहिराणीत म्हणाले, “ताई, बठ्ठा पाव्हना आठेच लावतस. खड्डा एकच शे.”

बाई हसल्या नाहीत. हातातलं रोप मामांना परत दिलं आणि मला म्हणाल्या, “सर, इथे बाहेरचा माणूस काही करू शकणार नाही. आधी हा खड्डा कायमचा भरणारा कुणीतरी घरातलाच शोधा.” गेल्या. नाना, समितीतले बाकीचे चिडले, मी मात्र कानापर्यंत तापलो, आणि ते उन्हाने नव्हे.

कारण मला आपलं शिरपूरचं वसतिगृह आठवलं, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून तुम्ही सांभाळायचात ते. पहिल्याच दिवशी तुम्ही प्रत्येकाला एक कडुनिंब दिला होता. आंघोळीचं पाणी बादलीत धरून त्याला घालायचं. सकाळी तुम्ही सायकल भिंतीला टेकवून हजेरी घ्यायचात, ती मुलांची नाही, झाडांची. नाव पुकारलं की झाडाजवळ उभं राहून त्याच्या वतीने ‘हजर’ म्हणायचं. माझ्या खोलीतला युवराज तर तापात फणफणत असताना पांघरूण घेऊन हजर म्हणायला आला होता. वर्षाअखेर झाडाला दहापैकी गुण. ज्याला आठच्या वर मिळाले तो तुमच्या घरी भरीत आणि कळण्याची भाकरी खायला. मला तिन्ही वर्षं दहा होते. काकूंनी वाढलेलं ते भरीत अजून जिभेवर आहे, आणि खरं सांगायचं तर घशातही अडकलेलं आहे.

बाकी सगळं क्षेम. काकूंना नमस्कार सांगा, गुडघ्याला जपा, आणि उन्हात गच्चीवर जाऊ नका.

आपला विद्यार्थी,
संघपाल

ता. क. : सोमवारी मी समितीतून बाहेर पडलो. जाहिरात पुन्हा निघाली आहे आणि मी अर्ज भरतोय. उमेदवाराला विद्यार्थीदशेपासून ओळखणाऱ्या शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. शुक्रवारपर्यंत मिळालं तर उपकार होतील.

ता. क. २ : शिफारसपत्र लिहिण्याआधी तुम्हाला एक गोष्ट माहीत असावी. पहिल्या वर्षी बहिणीच्या लग्नाला मी धरणगावला गेलो, तेवढ्यात माझा कडुनिंब वाळला. तुमच्या हजेरीच्या भीतीने मी रोपवाटिकेतून तेवढ्याच उंचीचं रोप आणून त्याच खड्ड्यात लावलं. तुमचे दहा गुण त्या दुसऱ्या झाडाचे. आता शिफारस करायची की नाही, तुम्ही ठरवा. दुसरा खड्डा मात्र मी खणायला घेतलाय. पहार माझ्या हातात, मामा सावलीत बसून सूचना देतात. हातभर झाला.

ता. क. ३ : प्रज्ञाने आत्ता पत्र वाचलं. तिने विचारलं, त्या झाडाला फुलं कोणती यायची? मी म्हटलं, फिकट जांभळी, मला वाटायचं खताचा गुण. (मी पाणी तपासणारा माणूस. झाडं मला पाटी वाचून कळतात.) ती म्हणाली, अहो, कडुनिंबाला पांढरी येतात, ते बकाण होतं. नाना, वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने तीन वर्षं बकाणाला कडुनिंब म्हणून दहापैकी दहा दिले. तेव्हा तर तुमचे डोळे चांगले होते ना?