गायीवरचा जोडीदार

४ जानेवारी
आले एकदाची! तारेझा गावाच्या वरचं हे लाकडी घर पाहताक्षणी आवडलं. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मेंजियाबाईंनी जवाचं गरम सूप आणि अक्रोडाचा केक पुढे ठेवला. काम सोपं: भोवतालच्या उतारांवरचा बर्फ रोज तपासायचा आणि स्कीवाल्यांना सोडायचं की नाही, ते गावात कळवायचं. जोडीदार दुरी, चाळिशीतला, निळ्या टोपीचा, दाराशीच भेटला. बाहेर पडण्याआधी जोडीदाराचं यंत्र तपासायची रीत आहे. ते कोटाखाली बांधलेलं असतं, त्यावरचा बाण दुसऱ्याच्या यंत्राकडे वळतो, बर्फात गाडलेलं माणूस त्याच्यामुळेच सापडतं. माझं मोठ्यानं वाजलं, तसा म्हणाला, तुम्हा खालच्या खोऱ्यातल्या पोरींचा आवाज मोठाच असतो. मला हसू आलं.

६ जानेवारी
घरासमोरच्या 'गाय' नावाच्या उतारावर खड्डा खणला. बर्फाचा खांब कापून त्यावर फावडं ठेवलं आणि थापा मारल्या. आधी मनगटातून, मग कोपरातून, मग खांद्यातून मारायच्या असतात. हा मनगटालाच मोडला, म्हणजे उतार कधीही कोसळेल. खाली साखरेसारखा सुटा थर. दुरी म्हणे, चांगला आहे म्हणून कळव, रविवारी गावातली पोरं उतरायची आहेत, त्यांचा विरस कशाला करतेस. मी बंदच कळवलं. पण शंकेची पाल चुकचुकली. याचं काय अडलंय?

८ जानेवारी
मेंजियाबाई टेबलावर एकच वाडगा मांडतात. दोघांचं बिनसलंय वाटतं. दुरी जेवताना कधी दिसत नाही. आज परतताना मागे पाहिलं, तर बर्फात एकाच जोडीच्या खुणा. त्याच्या वाऱ्यानं बुजवल्या असतील. मग माझ्या कशा राहिल्या?

१० जानेवारी
आजवर तो टाळायचा, आज मी हट्टानं त्याच्या छातीशी यंत्र धरलं. बाण त्याच्याकडे वळलाच नाही. त्याला ओलांडून गायीकडे वळला. म्हणाला, तुझं खेळणं बिघडलंय. मग हळूच म्हणाला, गायीवर एकट्यानं जायचं नसतं, जोडीदार लागतो. मला या माणसाची भीती वाटते.

११ जानेवारी
मेंजियाबाईंना दुरीबद्दल विचारलं. त्या मलाच म्हणाल्या, अगं लदीना, रोज दाराशी कुणाशी बोलतेस? दुरी तर तू यायच्या आदल्या दिवशी एकटाच गायीवर गेला, तो गेलाच. बसला असेल खाली बहिणीकडे, लहरी मेला.
बहिणीला फोन केला. तिकडे गेलेलाच नाही. ती रडायला लागली.
ढगांमुळे शोधपथक परवा येणार. बाण अजून गायीकडेच वळतो, पण मंदावतोय. त्याच्या यंत्राची बॅटरी संपली, तर वसंतापर्यंत तो सापडणार नाही.

१२ जानेवारी
खड्ड्यातच लिहितेय. बाणामागून आले, खणलं — निळी टोपी. दुरीच. चेहरा गोठलेला —
आज दाराशी कुणी नव्हतं. एकटीच आले. मीही —
वर कुणीतरी आहे. खुणा नाहीत. पण थापा ऐकू येतात. हलक्या. मनगटातून —
थांबल्या.
पुन्हा. जोरात. कोपरातून. भिंतीतले दाणे सुटतायत —
मेंजियाबाई, उतार बंदच ठेवा, पोरांना —
आता खांद्या