उद्या भरलेले वाटाणे

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.
साहेबांनी आज पॅकिंग हॉलमधलं लेबलचं टेबल मला दिलं. महिनाअखेरपर्यंत ट्रायल. जमलं तर टेबल कायमचं, नाही तर परत कोल्ड रूम. ‘नाही तर’चा प्रश्नच येत नाही. दोन हिवाळे त्या बर्फात वाटाण्याची खोकी रचून डाव्या हाताची दोन बोटं बधिर झालीत, पण टायपिंगला उरलेली आठ भरपूर.
काम किरकोळ. खोक्यावर माल भरल्याची तारीख आकड्यांत छापतात आणि दुकानवाल्यांना कळत नाही की यातला दिवस कुठला, महिना कुठला. साहेबांना ती अक्षरांत हवी. प्रोग्राम बदलायला येतो का, म्हणाले. येतो म्हणालो. येत नाही, पण येईल.
तिकडे मायदेशी ताईला फोनवर सांगितलं, ऑफिसात लागलो. ती म्हणाली, नववीत शाळा सोडलेल्याला घेणारं ऑफिस कसं असतं ते एकदा मला बघायचंय.

५ फेब्रुवारी, बुधवार
मोबाइलवर शिकलो. प्रोग्रामवाल्यांची लायब्ररी असते. पुस्तकांची नव्हे. कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं रेडीमेड काम, आपण नुसतं वापरायचं. शाळेच्या लायब्ररीत कधी पाऊल टाकलं नाही, त्याची भरपाई चालू आहे.
कॉम्प्युटरच्या पोटात तारीख म्हणजे एक लांबलचक आकडा. आपण नमुना द्यायचा: आधी वार, मग दिवस, मग महिना, मग सकाळ की दुपार. मग ती लायब्ररी त्या उघड्या आकड्याला कपडे घालून बाहेर पाठवते. एवढंच.
व्हिडिओचा दुसरा भाग ‘वेळ कुठून येते’ यावर होता. पाहिला नाही. वेळ घड्याळातून येते हे शेंबडं पोरगंही सांगेल.

६ फेब्रुवारी
पहिलं लेबल निघालं. महिन्याच्या जागी मिनिटं आली. सत्तेचाळिसावा महिना. लाइनवरच्या मावशी (साहेबसुद्धा त्यांना मावशीच म्हणतात) म्हणाल्या, एवढे महिने असतील तर माझा पगारही सत्तेचाळीस वेळा करायला सांग बाबा.
दुरुस्त केलं. हसणाऱ्यांकडे लक्ष दिलं नाही. फक्त कोण कोण हसलं ते पाहून ठेवलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
यश! ‘शुक्रवार, ७ फेब्रुवारी, सकाळ.’ स्वच्छ, सरळ. साहेब लेबल हातात घेऊन म्हणाले, हं. साहेबांचं ‘हं’ म्हणजे काय चीज आहे ते इथे सगळ्यांना माहीत आहे.
खोलीवर रूममेटला सांगितलं, टेबल झालंच समज. तो कंपनीचाच ट्रक चालवतो. म्हणाला, महिना तर संपू दे. काही माणसांना दुसऱ्याचं बरं बघवत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
मन ठिकाणावर नाही. काम सुटल्यावर ताईला फोन केला, तर तिकडे भर मध्यरात्र उलटलेली. तिने धापा टाकत विचारलं, कोण गेलं? कुणी नाही म्हटल्यावर असं काही फैलावर घेतलं की विचारू नका. पहाटे उठून तिला कामाला जायचं असतं. तिकडची वेळ काढताना तास मिळवायचे की वजा करायचे, यात माझा दर वेळी घोळ होतो. आई गेल्यापासून तिनेच मला वाढवलं आणि मी तिची झोपसुद्धा सांभाळू शकत नाही!
ठराव: यापुढे ताईची झोपमोड बंद. नुसता ठराव नाही, बंदोबस्तही केला. टेबलावरच्या कॉम्प्युटरचं घड्याळ घरच्या वेळेवर लावून टाकलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात नजर टाकली की ताई जागी आहे का ते कळतं. इथली वेळ काय, भिंतीवर आहेच. डोकं लागतं.

११ फेब्रुवारी
जेवणाच्या सुट्टीआधी मावशींनी लेबल आणून दाखवलं. त्यावर ‘रात्र’. म्हणाल्या, मग मी अंथरूण घालू का इथेच?
लायब्ररीच्या वेळेच्या भागात दोष दिसतो. फुकटचा माल असाच असतो. मी नमुन्यातून वेळच उडवून टाकली. तशी ती कुणाला हवी होती? लेबल सुटसुटीत झालं. प्रश्न मिटला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
आज कोपऱ्यातलं घड्याळ बघून बरोबर वेळेला फोन केला. ताई भांडी घासत होती. एकदाही ओरडली नाही. शेजारी सगळीकडे सांगितलंय म्हणाली, भाऊ ऑफिसात आहे. मी घाईने विषय बदलला. पण ट्रायल संपायला राहिलेत किती दिवस! खोटं थोडंच आहे, फक्त लवकर सांगितलंय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
वाईट दिवस.
दुपारनंतर भरलेला माल एरवी कोल्ड रूममध्ये जातो. आज घाई होती, म्हणून थेट ट्रकमध्ये चढवला. रूममेट संध्याकाळी दुकानात पोचला तर खोक्यांवर तारीख बुधवारची. दुकानवाला म्हणाला, उद्या भरलेले वाटाणे मी आज कसे घेऊ? मुक्कामाला ठेव, उद्या भरून झाले की आण. अख्खा ट्रक परत.
मी रूममेटला शांतपणे विचारलं, तू वाटेत उशीर तर केला नाहीस? तो म्हणाला, हो, उद्या गेलो आणि काल परत आलो. रात्री ताट फक्त स्वतःचंच घासलं.

१९ फेब्रुवारी
लायब्ररी लिहिणाऱ्यांना कडक शब्दांत कळवलं की तुमच्यामुळे एका गरिबाचं टेबल धोक्यात आलंय. तासाभरात उत्तर आलं. माफी नाही, काही नाही. उलट मलाच विचारतात, तुमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ कुठल्या ठिकाणच्या वेळेवर आहे? अडचणीत आले की लोक असे फाटे फोडतात.
साहेब म्हणाले, उद्या मी स्वतः टेबलाशी बसतो. बसू देत. काम बघितल्यावर कळेल त्यांना. जेवण मात्र गेलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार
साहेब दुपारचा चहा झाल्यावर बसले. प्रोग्राम वरपासून खालपर्यंत वाचला. चूक सापडेना. मी मागे उभा राहून मनात म्हणत होतो, बघा, बघा. मग त्यांची नजर स्क्रीनच्या कोपऱ्यात गेली. म्हणाले, इथे शुक्रवार कसा काय?
मी खुलून सांगितलं. ताई, तिची झोप, तासांचा घोळ, माझा बंदोबस्त, सगळं. चांगलं रंगवून सांगितलं.
साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मावशींनी लाइनचा पट्टा बंद केला. लेबल तारीख त्याच घड्याळातून घेतं, हे मलाही थोडं थोडं कळायला लागलं.
मावशी हळूच म्हणाल्या, साहेब, बहिणीसाठी केलंय हो त्याने. साहेब म्हणाले, म्हणूनच घरी पाठवत नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
कोल्ड रूम.
चुकीच्या तारखांची सगळी खोकी आतच आहेत. एकेक खाली उतरवायचं, जुनं लेबल खरवडायचं, खरी तारीख पेनने लिहायची. शाई गोठते. पेन काखेत धरून गरम करावं लागतं. एका अर्थी काम तेच आहे, तारीख अक्षरांत आणायचं. लायब्ररीशिवाय करतोय, म्हणजे बढतीच म्हणायची.
जेवणाच्या सुट्टीत कोल्ड रूमच्या दाराशी उभा राहून ताईला फोन केला. सांगितलं, काम वाढलंय, आता सबंध गोदाम माझ्याकडे. ती म्हणाली, दात का वाजतायत तुझे? मी म्हणालो, नेटवर्क खराब आहे.
ताई म्हणाली, त्या नेटवर्कला म्हणावं, दोन-दोन मोजे घाल.