दापोऱ्याच्या डोहातली बाडस

आई, आज कणकेत हिंग जरा जास्तच पडला. नातवंडं नाकं मुरडायला लागली. म्हटलं, अरे, ही पोळ्यांची नाही, गळाला लावायची, बाडस माशासाठी आहे. आणि मग दिवसभर तूच डोळ्यांसमोर.

तू आयुष्यात मासा तोंडात घातला नाहीस. मासेमारीचा नाद बाबांचा. तरी त्यांच्या पेपर मिलमधल्या दोस्तांत नाव होतं ते तुझ्या कणकेचं. भाजलेल्या चण्याचं पीठ, गूळ, हिंग घालून तू ती अशी मळायचीस की वाहत्या पाण्यातही गळावरून सुटायची नाही. पावसाळ्यात बाडस पुराच्या उलट दिशेनं वर चढते, खडकाळ पाण्यात अंडी घालते आणि दसऱ्याच्या सुमारास तापी निवळली की पुन्हा डोहात उतरते, हे बाबा दरवर्षी नव्यानं सांगायचे आणि तू पोळ्या लाटत ऐकायचीस.

मी तेव्हा बी.ए.ला, सुट्टीत घरी आलेली. रविवारी ऐन वेळी बाबांना ड्यूटीवर बोलावलं. ते गेल्यावर तू ओट्यावरच्या गोळ्याकडे बघत म्हणालीस, "एवढी कणीक वाया जाईल. चल, आपणच जाऊ."

दापोऱ्याच्या डोहाशी तू साडी खोचलीस, दोन-चार गोळ्या पाण्यात भिरकावल्यास, मग गळ टाकलास. तासभर काही नाही. आणि एकदम काठीवरची चरखी किंचाळायला लागते. काठी कमानीसारखी वाकते. पलीकडच्या काठावरून एक म्हातारा ओरडतो, "माई, ढील दे! खींचना मत!" तू ढील देतेस, गुंडाळतेस, पुन्हा देतेस. तुझा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. एकदा बाडस वर आली, सोन्याच्या पत्र्यासारखी चमकली आणि डोहाकडे वळली. तिच्यामागे तूही शेवाळलेल्या खडकावरून पाण्यात. गुडघ्याएवढं, मग कमरेएवढं. मी हाका मारत होते. "सोड, आई!" तू म्हणालीस, "थांब गं, दमलीय ती!" तुझा पाय घसरला, पुन्हा सावरला. तुला पोहता येत नव्हतं.

गळाची दोरी, ती तंगूस, तुटली नव्हती, आई. मी मागून येऊन पिशवीतल्या सुरीनं कापली.

तू काठाशी येऊन पाण्यात बसकन खाली बसलीस, आणि मला वाटलं, आता रडणार. तर तू हसायला लागलीस. "काय ताकद गं तिची!" ओल्या साडीनं बसमधून घरी येईपर्यंत हसत होतीस. संध्याकाळी बाबांनी तंगुशीचं टोक बोटांत धरून नीट पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "दगडावर घासली असेल," एवढंच म्हणाले. पुढे कित्येक वर्षं तू ती गोष्ट सांगायचीस. हातभर असलेली बाडस शेवटी शेवटी पुरुषभर झाली होती. बाबा शेजारी बसून मान डोलवायचे. मीही.

तुम्ही दोघं गेल्यावर काठी माझ्याकडे आली. आता बाडस क्वचितच लागते. मी तरी दसऱ्यानंतर डोहावर जाते, तासन्‌तास बसते. बरं वाटतं. आज दुपारी लागली एक. बारीकच होती, पण काय ओढ! काठापर्यंत आणली, दोन्ही हातांत धरली. घरी येऊन नातवंडांना सांगितलं, सोडून दिली, अशी जात जपायला हवी. पोरं केवढ्या कौतुकानं बघत राहिली माझ्याकडे.

सोडली नाही गं. निसटली.