बुस्तोस साहेबांचा मूळपुरुष

दम्माम, २० ऑक्टोबर २०१३

आदरणीय हुसेनमियाँ चाचा यांस,

मुझम्मिलचा अदबीने सलाम. आम्ही तिघं इथं खैरियतीने आहोत आणि दाभोळला तुम्हा सर्वांची खैरियत अल्लाकडे मागतो. कुबरा चाचींना सलाम, आणि त्यांच्या गुडघ्यांना वेगळा सलाम (मागच्या पत्रात सगळी बातमी गुडघ्यांचीच होती, चाचींविषयी एक ओळ नव्हती). फोन सोडून पत्र लिहितोय याचा राग मानू नये. फोनवर तुम्ही अर्धा वेळ "काय? काय?" करता आणि उरलेल्या वेळात सुरमईचा भाव सांगता. ही हकीकत तेवढ्यात मावणारी नाही.

इथं सध्या सौदीकरणाचे दिवस आहेत. सरकारने कंपन्यांना रंग दिलेत. हिरवी कंपनी चांगली, पिवळी जेमतेम, आणि लाल म्हणजे खलास. जिथं इथली माणसं कमी आणि आमच्यासारखी जास्त, ती लाल. आमची कंपनी तेलविहिरींच्या यंत्रांचे सुटे भाग विकते आणि वर्षभर पिकत्या मिरचीसारखी रंग बदलत चाललीय. म्हणून डिसेंबरअखेर परदेशी लोक कमी करायचं ठरलं. मुदीरसाहेबांनी (हे आमचे मोठे साहेब, मन चांगलं, कान हलके) दोन याद्या केल्या. एक 'युरोपियन तज्ज्ञ', त्यांना हात लावायचा नाही. दुसरी 'इतर'. मी कुठल्या यादीत, हे सांगायला नको. माझा इकामा (इथं राहायचा परवाना) जानेवारीत संपतो आणि आमच्या मेहेकची बारावीची परीक्षा मार्चमध्ये. इकामा गेला की शाळा गेली, पोरीचं वर्ष गेलं. मेहेक म्हणते, "पपा, चिल." फरहाना कपाटावरच्या बॅगा उतरवून पुसते, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटते.

आता गंमत अशी की 'इतर'मध्ये आमचे विभागप्रमुखही निघाले. रामिरो केसादा बुस्तोस, राहणार मेक्सिको. रंग गोरा, मिशी गोरी, डोळे निळसर. नऊ वर्षं आम्ही त्यांना युरोपियनच समजत होतो आणि तेही नाही म्हणत नव्हते. यादी पाहून त्यांनी दोन दिवस दाढी केली नाही. तिसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं आणि सांगितलं, की त्यांचे पूर्वज स्पेनचे, असं घरात लहानपणापासून ऐकत आलेत. आजा स्पेनचा असल्याचा कागद मिळाला तर तिकडचा पासपोर्ट मिळू शकेल, म्हणजे पहिली यादी. तू कागदांतला माणूस आहेस मुझम्मिल, तू शोध. मी राहिलो तर तुझी खुर्चीही राहील. चाचा, माणूस शब्दाचा पक्का आहे. मी त्याच दिवशी फाईल उघडली आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं : नाव रामिरो, वडिलांचं नाव केसादा, आडनाव बुस्तोस.

इथंच माती खाल्ली, पण ते कळायला चार महिने गेले. स्पेनमध्ये गावोगावच्या चर्चांत बाप्तिस्म्याच्या वह्या असतात. दाभोळच्या परकारांचा मुलगा दम्माममध्ये बसून स्पेनच्या पाद्र्यांना पत्रं लिहितोय, असं आपल्या खानदानात याआधी कुणी केलं नसावं. एकेचाळीस पत्रं गेली. केसादा नावाचा बुस्तोस कुठेच मिळेना (माणूस असा कसा, जन्मला आणि कुठे नोंदलाच नाही, असं मी फरहानाला रोज विचारायचो). शेवटी डोंगरातल्या एका गावच्या पाद्रीबाबांनी कळवलं की इथं निम्मं गाव बुस्तोस आहे आणि एक बुस्तोस शंभर वर्षांपूर्वी मेक्सिकोला पळाला होता, मागे सतरा शेळ्या टाकून. पाद्रीबाबांनी ही बातमी चर्चमध्ये वाचून दाखवली. मग बुस्तोस मंडळींची पत्रं सुरू झाली. फोटो आले, आशीर्वाद आले, शेळ्यांचं काय झालं तेही आलं. एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी भाच्यासाठी घरी सुकवलेली डुकराची अख्खी तंगडी पोस्टाने पाठवते म्हणून लिहिलं. ती दम्मामच्या कस्टममध्ये माझ्या नावाने उतरली असती तर जानेवारीची वाट पाहावी लागली नसती. मी त्यांना तारेसारखं दोन ओळींत उत्तर दिलं, की भाच्याची तब्येत नाजूक आहे.

सगळी फाईल लाल फितीत बांधून साहेबांसमोर ठेवली. त्यांनी पहिलं पान वाचलं आणि विचारलं, हे केसादा कोण? म्हटलं, तुमचे वालिद. ते म्हणाले, माझ्या बापाचं नाव आर्तुरो! केसादा आमचं आडनाव आणि बुस्तोस माझ्या आईचं माहेरचं. मेक्सिकोत बापाचं आडनाव आधी आणि आईचं मागून लावतात, चाचा! नऊ वर्षं मी त्यांना आईच्या नावाने हाक मारत होतो, आणि त्यांना वाटायचं, पूर्वेकडची रीत असेल, आईचा मान ठेवतात. मी वैतागून विचारलं, आईचं नाव शेवटी कोण लावतं? ते म्हणाले, बापाचं नाव पोटात कोण घालतं? पाऊण तास आम्ही एकमेकांचे देश सुधारत होतो.

मग नीट शोध घेतला. केसादांचा माग मेक्सिकोतच तिसऱ्या पिढीत अडला. वहीत 'बाप अज्ञात' लिहिलंय. उरले बुस्तोस. साहेबांच्या मावशीने आजोबांचा बंदरावर उतरल्याचा कागद शोधून पाठवला. त्यावर नाव होतं बुत्रुस बुस्तानी, राहणार लेबनॉन! मेक्सिकोच्या बंदरावरच्या कारकुनाला पूर्ण नाव लिहायचा कंटाळा आला (कारकून सगळीकडे सारखेच) आणि त्याने बुस्तोस करून टाकलं. युरोपशी संबंध एवढाच, की बोट नऊ दिवस मार्सेलला थांबली होती.

साहेब रडायचेच बाकी होते. तेवढ्यात मुदीरसाहेब कशाला तरी आत आले, कागद पाहिला आणि "बुस्तानी? इंता अरबी!" (म्हणजे तू तर अरब!) असं ओरडून त्यांनी साहेबांचे दोन्ही गाल चुंबले. गहवा (इथली कॉफी) आला, खजूर आले. 'इतर'मधलं नाव तिथल्या तिथे खोडलं आणि 'आपली माणसं' अशी तिसरी यादी उघडली. साहेबांनी माझंही नाव सुचवलं, शब्द पाळला. मुदीरसाहेब प्रेमाने म्हणाले, की या यादीत रक्त लागतं, मुझम्मिल.

असो. तुम्ही काळजी करू नये. इथं सर्व ठीक आहे. लहानथोरांना यथायोग्य सलाम-दुआ.

तुमचा पुतण्या,
मुझम्मिल अब्बास परकार

ता. क. : आपला मूळपुरुष अरबस्तानातून गलबताने दाभोळला उतरला, असं तुम्ही दर ईदला सांगता. त्याचा शिजरा, म्हणजे वंशावळीचा कागद, माडीवरच्या खोलीत पत्र्याच्या पेटीत आहे ना? सही-शिक्क्यासह नक्कल लवकर पाठवावी. डिसेंबरच्या आत.

ता. क. २ : तुम्ही मागच्या ईदला बसरा म्हणालात, त्याआधी येमेन. येमेन नको, त्यांना आमच्याआधी काढताहेत. मक्का-मदिना मागत नाही, तेवढी आपली लायकी नाही. इथल्या सौदीतलंच राबिघ चालेल, समुद्रकाठ आहे, गलबत सुटलं असं म्हणता येतं. लबाडी करायला सांगत नाही, फक्त आठवताना जरा राबिघच्या बाजूला आठवून पाहावं.

ता. क. ३ : वरचं सगळं फरहानाने वाचलं. ती म्हणते, पेटी काढायला वर जाणारच आहात, तर खोलीही झाडून ठेवा. आम्ही तिघं आहोत, आणि मेहेकला अभ्यासाला खिडकीजवळची जागा लागते.