कॅनबेराचं नाक

७ सप्टेंबर
आजपासून पुन्हा मॉडेल. शाळा सुटल्यापासून खंड पडला, पण हात विसरत नाहीत. दादरहून कॅनबेरा बॉम्बरचं प्लास्टिक किट आणलं. काउंटरवरच्या बाईने विचारलं, काका, नातवासाठी का? मला नातू नाही, असता तरी त्याला दिलं नसतं.

मालनशी करार झाला. शोकेसचा मधला कप्पा विमानाला. तिथला आमच्या लग्नातला डिनर सेट तिने दिवाणात ठेवला. अट अशी की दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला विमान कप्प्यात उभं दिसलं पाहिजे. नाहीतर डिनर सेट परत, आणि किट माळ्यावर माझ्या बाजाच्या पेटीशेजारी आणि योगाच्या चटईशेजारी. पेटीचं नाव काढायची गरज नव्हती.

संकल्प: रोज एक तास. चिडायचं नाही.

९ सप्टेंबर
सूचनांचा कागद उघडला. अक्षर मुंगीएवढं. मिटून ठेवला. बाल्सा लाकडाची विमानं मी कागदाशिवाय करायचो. कोर्टात नोकरीभर लोकांवर ओरडलो की समन्स नीट वाचत जा. पण ते समन्स होतं. हे खेळणं आहे.

नंतर: खेळणं नाही. स्केल मॉडेल.

१४ सप्टेंबर
कॉटन ग्रीनहून चिंतामणी आला. शाळेतला मित्र. याने विमानं कधी सोडलीच नाहीत, कपाटं भरलीत, म्हणून प्रत्येक घासाला एक सल्ला. जाताना शिशाच्या गोळ्यांची पुरचुंडी दिली, मासेमारीच्या जाळ्याला लावतात त्या. म्हणाला, बॉडी बंद करायच्या आधी नाकात भर रे. मी म्हटलं, माझ्या विमानात भंगार जाणार नाही. म्हणाला, मग कागद वाच. मला सांगतो, कागद वाच.

मी चिडलो नाही. फक्त चहा विचारला नाही.

पुरचुंडी त्या कागदावर ठेवली. पंख्याने उडतो.

२३ सप्टेंबर
कॉकपिटमधली खुर्ची चिमट्यातून उडाली. चिमटा भिकार. मालनला केर काढू नको म्हटलं. तिने काढला होता. वैमानिक उभ्याने जाईल.

वरच्या मजल्यावर ड्रिलिंग. सेक्रेटरी जयवंतला फोन करून झापलं की घरात बॉम्बरचं नाजूक काम चालू आहे.

२ ऑक्टोबर, दसरा
मुहूर्त साधला. बॉडीचे दोन्ही भाग चिकटवले. डावा अंगठाही चिकटला होता, पण तो सुटला. बॉडी सुटणार नाही. हातोडा मारला तरी नाही. याला म्हणतात काम. चिंत्याला फोटो पाठवला. त्याने विचारलं, गोळ्या टाकल्यास ना? ब्लॉक केला.

१२ ऑक्टोबर
रंग. पंखावर बोटाचा ठसा उठला. रंगाचा दोष. मालनला चकल्यांसाठी टेबल हवं. म्हटलं, हवाई दलाला कोणी टेबल मागत नाही. म्हणाली, हवाई दलाला चकल्या हव्यात की नकोत तेवढं सांगा.

पलंगावर बसून काम. कंबर गेली.

१९ ऑक्टोबर, संध्याकाळ
चाकं लावली. उभं केलं. हात काढला. विमान शेपटीवर बसलं, नाक वर. पुन्हा उभं केलं. पुन्हा बसलं, कुत्र्यासारखं.

दुकानात फोन करून सुनावलं की सदोष माल विकता. बाई म्हणाली, काका, नाकात वजन टाकलं होतं का? तिसऱ्या पानावर आहे, चित्रासकट.

पुरचुंडी उचलून कागद उघडला. आहे. इतकी महत्त्वाची गोष्ट कंपनीने ठळक छापायला नको? आणि चिंत्याला नीट समजावून सांगता येत नव्हतं?

मालनला म्हटलं, विमान टेक-ऑफ घेतंय. तिने दिवाण उघडून डिनर सेट बाहेर काढला.

२० ऑक्टोबर, पहिली आंघोळ
आंघोळ करून आलो तर विमान मधल्या कप्प्यात उभं. तिन्ही चाकांवर. नाकाला मालनच्या शिवणाचा दोरा, दोऱ्याला ती पुरचुंडी, कप्प्याच्या काठावरून खाली लोंबतेय. शोकेसची काच त्यामुळे लागत नाही. डिनर सेट पुन्हा दिवाणात.

फराळाला तिने परस्पर चिंतामणीला बोलावलं होतं. तो शोकेससमोर उभा राहिला, चकली संपवली. म्हणाला, गोळ्या कामाला आल्या रे.

चहा विचारला.