पन्नास लाखांचं भोक

३ जानेवारी.
आजपासून फुटकळ नाणी बंद. संग्रह फक्त महाभयंकर महागाईतल्या नाण्यांचा. जिथे पाव सकाळी दहा हजारांना आणि संध्याकाळी बारा हजारांना मिळायचा, त्या देशाचा. कपाटापुरता मी आता अब्जाधीश. हिला सांगितलं. ही म्हणाली, अब्जाधीशांनी येताना दूध आणावं.

९ जानेवारी.
घबाड! पन्नास लाखांचं नाणं. अॅल्युमिनियमचं, फुंकलं तर उडेल. आणि मधोमध चक्क भोक! नाणेवाला म्हणाला, भोकाचे जास्त पडतील. दिले. अडाणी माणूस. भोकाची खरी किंमत त्याला कळलीच नाही.

१० जानेवारी. पहाटे ५.
सिद्धांत सुचला. धातू वाचवायला टांकसाळीनेच भोकं पाडली! हिला उठवून सांगितलं. मग बाकीच्या नाण्यांना का नाही पाडली, असं विचारून ही कुशीवर वळली. संशोधकाच्या घरी हे चालायचंच.

१८ जानेवारी.
नाणे मंडळात माझं व्याख्यान ठरलं. अध्यक्ष आधी नाहीच म्हणत होते. मी तिसऱ्यांदा त्यांच्या घरी जाऊन बसल्यावर त्यांना विषयाचं महत्त्व पटलं.

२ फेब्रुवारी.
व्याख्यान तयार. ऐंशी पानं. एकही ओळ कापण्यासारखी नाही.

११ फेब्रुवारी.
श्रोते सात. त्यात ही आणि अध्यक्षांच्या सासूबाई. सासूबाईंचं तरुणपण म्हणे त्याच देशात गेलं. यजमान तिथे कारखान्यात होते. मी फळ्यावर टांकसाळीचं यंत्र काढत असताना त्यांनी हात वर केला. म्हणाल्या, ही भोकं आम्ही पाडायचो, खिळ्याने. छपराचे पत्रे ठोकताना वॉशर म्हणून. वॉशर परवडत नव्हते, पन्नास लाख परवडायचे.
सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, एकदा यजमानांच्या महिन्याच्या पगारात तीन अंडी आली. धाकटीला ताप होता, तिला घातली. आम्ही टरफलं बघत बसलो.
सगळे खुर्च्या ओढून त्यांच्याभोवती बसले. माझी एकोणसाठ पानं राहून गेली. वयोमानाने स्मरणशक्तीचा घोटाळा होतो, दुसरं काय.

१२ फेब्रुवारी.
ही सासूबाईंकडे चहाला गेली. दोन तास! माझ्या सिद्धांताच्या वाट्याला दोन मिनिटं आली होती.

२५ फेब्रुवारी.
मंडळात सासूबाईंचं व्याख्यान. हॉल खचाखच, लोक दारात उभे. सासूबाईंचा हात थरथरतो, म्हणून माइक धरायचं काम एकमताने माझ्याकडे. जबाबदारीचं काम, कुणालाही देत नाहीत. सव्वा तास धरला. शेवटी शेवटी डोळ्यांत पाणी आलं. हात अवघडला होता, म्हणून.